रेषेच्या खाली गेलेला तुलुगाक

माझा मेहुणा एनोक मनाने वाईट नाही, पण अक्कल घरी ठेवून होडीत बसतो. मी आठवडाभर शिकारीला गेलो होतो. तेवढ्यात त्याने माझ्या बर्फगाडीचा म्होरक्या कुत्रा तुलुगाक उचलला आणि मित्राच्या लग्नात मिरवायला कांगामिउतला नेला! कांगामिउत उत्तर ध्रुववृत्ताच्या रेषेच्या दक्षिणेला. रेषेच्या वर फक्त आमच्याच जातीची कुत्री चालतात, आणि त्यांतलंही एकदा खाली गेलं की परत येऊ शकत नाही. आमच्या सिसिमिउतच्या शेंबड्या पोरालाही हा कायदा ठाऊक आहे.

"दाजी, दोनच दिवस तर नेला. कुणाला कळणार होतं?"

"मग फोटो कशाला टाकलास, शहाण्या?"

फोटोत मागे कांगामिउतचं चर्च होतं आणि खाली लिहिलं होतं, 'अस्सल ग्रीनलँडचा कुत्रा'. अख्ख्या गावाने तो पाहिला. एनोक परत निघायच्या आत आमच्या नगरपालिकेच्या कचेरीतून फोन गेला, कुत्रं तिथेच ठेवा.

कचेरीत माझी चुलत बहीण रेजिना बसते. मी फोटो तिच्या नाकासमोर धरला.

"बघ नीट! रुंद डोकं, तिरके डोळे, आखूड जाड कान, पाठीवर वळलेली शेपूट. केस इतके दाट की बोट कातडीपर्यंत पोचत नाही. आपल्या पूर्वजांबरोबर पश्चिमेकडून बर्फ तुडवत आलेली जात ती हीच. यात भेसळ दिसते तुला?"

"भेसळ नाहीच, एफ्राइमदादा. पण खालून रोग आला तर सगळ्यांची कुत्री मरतील."

"म्हणजे जात राखायची आणि अस्सल कुत्रा बाहेर ठेवायचा! वा!"

"दोन वर्षांपूर्वी आपल्या गावच्या ओलेचं कुत्रं खालून परत आलं, तेव्हा 'हाकला त्याला' म्हणत हेच टेबल कुणी बडवलं होतं?"

मीच बडवलं होतं. ओलेचं कुत्रं गेलं ते गेलंच. आता कुठल्या तोंडाने भांडणार? स्वतःचीच चीड आली.

रविवारी एनोकच्याच होडीतून कांगामिउतला गेलो. तुलुगाक त्याच्या मित्राच्या घरामागे एकटाच बांधलेला होता. मला पाहताच तो उठला आणि माझ्याकडे पाठ करून ताठ उभा राहिला, गाडीला जुंपून घ्यायला राहतो तसा. मी त्याच्या मानेत हात घातला. मला रडू आलं.

"इथेच राहा," मी म्हणालो.

हा हुकूम मी त्याला कधी शिकवलाच नव्हता.