माझ्या पोटातल्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. सतरा-अठरा वर्षं मी लोकांच्या घरी पाणी धरलं. आता मला तळ नाही, त्यामुळं माझ्यात पाणी राहत नाही. पण माझ्या पोटात सतरा रेघा आहेत. त्या एका माणसानं एकदा वाकून बघाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. त्यानं त्या बघितल्या, पण बघायची वेळ निघून गेल्यावर. ते कसं झालं, ते सांगतो.

कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात फुगवून मला बनवलं. माझ्यात ग्लिसरीन भरून मला शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पाठवलं. त्या कंपनीत रिकामे ड्रम कामगारांना चिठ्ठ्या टाकून देत. मोतीराम तिथं मशीनवर होते. त्यांची चिठ्ठी निघाली. त्यांनी मला लुनाच्या मागं सुतळीनं बांधलं आणि पुंडलिकनगरला घरी आणलं. शेजाऱ्याची करवत मागून माझं डोकं कापलं. मग त्यांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी, मला तीन दिवस चिंच आणि राख लावून घासलं. चौथ्या दिवशी आत तोंड घालून वास घेतला आणि म्हणाल्या, "आता झाला माणसांत बसवण्याजोगा." मला न्हाणीच्या दाराशी जागा मिळाली.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी घरात आलो तेव्हा चौथ्या दिवशी यायचं. पुढं सहाव्या दिवशी यायला लागलं. शेवटी शेवटी दहावा दिवस उजाडायचा. पाण्याच्या दिवशी घरातली सगळी कामं थांबतात. कोणी लग्नाला जात नाही, कोणी बँकेत जात नाही. शेजारणी भांडतसुद्धा नाहीत. भांडण नळ गेल्यावर.

मुक्ताबाईंची पाणी पुरवायची एक रीत होती. मी निळा, जाड. बाहेरून पाणी किती आहे ते दिसत नाही. म्हणून त्यांनी माझ्या आतल्या अंगावर रेघा ओढल्या. मुलगी विशाखा तेव्हा कॉलेजात होती. तिची नेलपॉलिशची तांबडी बाटली घेऊन त्यांनी तीन रेघा ओढल्या. चार दिवसांना तीनच रेघा लागतात, कारण शेवटच्या दिवसाची रेघ म्हणजे माझा तळ. रोजचं पाणी रोजच्या रेघेपर्यंतच वापरायचं, त्याखाली हात घालायचा नाही. पाणी सहा दिवसांवर गेलं तेव्हा त्यांनी शेजारी पाच गुलाबी रेघा ओढल्या. दहा दिवसांवर गेलं तेव्हा नऊ किरमिजी रेघा आल्या. त्या इतक्या जवळजवळ होत्या की दोन रेघांमध्ये पुरतं चार बोटांचंही अंतर नव्हतं.

मोतीरामांना यातलं काही माहीत नव्हतं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. दारू नाही, मारहाण नाही. पण त्यांनी सोळा वर्षांत माझ्यात एकदाही डोकावून पाहिलं नाही. अंघोळीला दोन बादल्या दारात काढून ठेवलेल्या असायच्या, त्या ते घ्यायचे. ज्या दिवशी पाहुणा यायचा आणि पाणी रेघेखाली जायचं, त्या दिवशी मुक्ताबाई अंघोळ करायच्या नाहीत. ओल्या फडक्यानं तोंड पुसायच्या आणि पदर सारखा करून स्वयंपाकाला लागायच्या. हे मी बघायचो. दुसरं कोणी बघत नव्हतं.

"एवढं पाणी जातं कुठं गं?" मोतीराम कधीतरी विचारायचे.

"माझ्या पोटात," त्या म्हणायच्या आणि हसायच्या.

एकदा मोतीरामांना दाढीच्या सामानाशेजारी किरमिजी बाटली सापडली. विशाखाचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती, म्हणजे बाटली बायकोचीच. ते बाहेर बसलेल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साठी आली, आता नखं रंगवायलीस व्हय? कोणाला दाखवायचीत?" शेजारी हसले. मुक्ताबाईंनी बाटली उचलून माळ्यावर ठेवली. त्यांची नखं भांडी घासून झिजलेली होती. त्यांवर कधी रंग चढला नव्हता. मला तोंड असतं तर मी त्याच वेळी बोललो असतो.

मग तो दिवस आला. दहा दिवसांनी नळ आला होता, सकाळचे दहा वाजले होते. मुक्ताबाईंनी नळी माझ्यात सोडली आणि माझ्या काठाला धरून खाली बसल्या. म्हणाल्या, "अहो, छातीत भरल्यावानी होतंय. डावा हात लई दुखतोय."

मोतीराम बादल्या हलवत होते. त्यांनी एकदा बायकोकडं बघितलं आणि एकदा नळाकडं. म्हणाले, "नळ जाऊ दे, मग जाऊ दवाखान्यात. तासाभराचा तर परश्न हाय. आज भरलं नाय तर दहा दिवस काय करायचं?"

मित्रांनो, मुक्ताबाई यावर 'व्हय' म्हणाल्या. हे मी कधी विसरणार नाही. त्यांनाही ते बरोबर वाटलं. या शहरात कोणालाही बरोबरच वाटलं असतं. त्या तशाच बसून राहिल्या आणि मी भरत राहिलो. नळ जायला सव्वा तास लागला. रिक्षा मिळेपर्यंत आणखी थोडा वेळ गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दुखायला लागून किती वेळ झाला? मोतीरामांनी खरं सांगितलं. मुक्ताबाई घरी परत आल्या नाहीत.

पुढं त्यांच्या नावानं पाणी द्यायचा जलदान विधी झाला. घरात माणसं मावत नव्हती. भंतेजींनी वंदना घेतली, मग सगळ्यांना जेवण, पाणी दिलं. ते पाणी माझ्यातलंच होतं, मुक्ताबाईंनी भरलेलं. सगळे प्यायले. मोतीराम प्यायले नाहीत. लोक गेल्यावर, त्या दिवसापुरत्या भांडी घासायला आलेल्या साळूबाईंना ते तोंड फिरवून म्हणाले, "बाई, हा ड्रम घेऊन जा. माझ्या डोळ्यांपुढं नको." विशाखा म्हणाली, "बाबा, राहू द्या, आईनं किती जपलाय." त्यांनी ऐकलं नाही. त्या दिवशी तरी ते आत बघतील असं मला वाटलं होतं.

साळूबाईंकडं मी दीड वर्ष राहिलो. मग त्यांच्या चाळीवर टाकी बसली आणि त्यांनी मला उस्मानपुऱ्याच्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्यानं एके दिवशी करवत घेतली आणि माझा तळ कापला. पहिल्यांदा कापलं तेव्हा मी ड्रम झालो होतो. दुसऱ्यांदा कापल्यावर मी कोणीच राहिलो नाही.

माझ्यासारखे बारा ड्रम एका संस्थेनं नेले. गरीब हृदयरोग्यांना मदत म्हणून शहरातून अडथळ्यांची शर्यत होती. टायरांवरून उड्या, जाळीखालून सरपटणं, वाळूची पोती खांद्यावर घेऊन पळणं, असं सगळं. आम्हाला जोडी-जोडीनं दोरीनं बांधून आडवं ठेवलं. लोकांनी आमच्या आतून रांगत जायचं. आमच्या पुढं खड्डा खणून त्यात दोन टँकर पाणी ओतलं होतं. चिखल करायला. लोक त्यात लोळत होते आणि फोटो काढत होते. ते दोन टँकर मुक्ताबाईंनी किती महिने पुरवले असते, याचा मी विचार करत पडलो होतो. चांगल्या कामासाठी चाललंय म्हणे. असेल.

आणि त्या गर्दीत मला ओळखीचा खोकला ऐकू आला.

मोतीराम होते. बाप घराबाहेर पडत नाही म्हणून विशाखानं त्यांचं नाव नोंदवलं होतं. छातीवर कागद लावला होता, त्यावर नंबर आणि खाली 'मुक्ताबाईंच्या स्मरणार्थ'. बाकीचे पळत होते, हे चालत होते. विशाखाला त्यांनी सांगितलं होतं म्हणे, तुझ्या आईच्या नावाचा कागद लावलाय तर शेवटपर्यंत जाणार, मधी सोडणार नाय. आमच्यापाशी आले, गुडघे टेकले आणि सहा जोड्यांमधून माझ्याच जोडीत शिरले.

उन्हं वर आली होती. माझ्या आत निळा उजेड होता. त्यांनी हात पुढं टाकला आणि तो रेघांवर पडला. मी आडवा होतो, त्यामुळं आडव्या रेघा त्यांच्या तोंडासमोर उभ्या दिसत होत्या. आधी तांबड्या तीन, मग गुलाबी पाच, मग किरमिजी नऊ. किरमिजी रंग त्यांनी ओळखला. ते थांबले. बोटानं एकेक रेघ मोजायला लागले. दोन रेघांमध्ये बोटं ठेवून बघितली. चार मावेनात. मग त्यांचं डोकं खाली गेलं.

मागं रांग लागली. चिन्मय नावाचा एक तरुण त्यांच्या पाठीमागंच होता, मनगटावर मोठं घड्याळ. तो म्हणाला, "काका, झोप लागली का? आमचा टाइम चाललाय." दोघे-तिघे हसले. मग कोणीतरी म्हणालं, अहो, अटॅक तर नाही आला? हसू थांबलं. पिवळ्या टी-शर्टातल्या मेघानं, ती तिथं स्वयंसेविका होती, शिट्टी वाजवली. ॲम्ब्युलन्स आली. मी ऐकत होतो, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दोन डॉक्टर, एक स्ट्रेचर, ऑक्सिजन. त्या दिवशी सगळं हाताशी होतं.

मोतीराम मागं सरकत बाहेर आले. त्यांनी स्ट्रेचर हातानं दूर केलं. म्हणाले, "मला काय झालं नाय. हा ड्रम माझ्या घरचा हाय."

मेघा समजुतीनं म्हणाली, "काका, सगळे ड्रम सारखेच आहेत."

"आत बघा."

ती वाकली. बराच वेळ वाकलेली राहिली. मग म्हणाली, "नेलपॉलिश आहे हे."

"तिनं नखं कधीच रंगवली नाय," मोतीराम म्हणाले. "मी चारचौघांत बोललो तिला."

विशाखा येऊन शेजारी उभी राहिली होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे."

 शर्यत पुरी करा, मी सोबत चालते, असं मेघा म्हणाली. मोतीरामांनी छातीवरचा कागद काढला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. दोरी त्यांनी स्वतः सोडली. चिन्मयनं मला दुसऱ्या बाजूनं धरलं आणि रिक्षापर्यंत आणलं. तो म्हणाला, "काका, याला तर तळच नाही. काय भरणार यात?" मोतीराम म्हणाले, "भरायचं कोणाला हाय आता."

मी पुन्हा न्हाणीच्या दाराशी उभा आहे. शेजारी नवा ड्रम आहे. त्याच्या आत मोतीरामांनी रेघा ओढल्यात, वाकड्या आहेत. अंघोळीला ते आता एकच बादली घेतात. त्यानं काही परत येत नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही.

मित्रांनो, तुमच्या घरी पाणी कोण भरतं आणि कोण पुरवतं, ते एकदा ड्रममध्ये वाकून बघा. आणि घरात कोणी म्हणालं की छातीत दुखतंय, तर नळ तसाच वाहता सोडून निघा. आम्ही रिकामे राहिलो तरी चालतं. त्या दिवशी मी काठोकाठ भरलो होतो.