शेऱ्याचा रकाना

चंद्रावतीने बरणीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. टाळूवर जीभ एकदा फिरवून ती म्हणाली, "अजून लय कच्चं हाय. दोन उन्हं तरी पायजेत." तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की वर्ग एकदम चिडीचूप झालाय.

काळुराम सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज तसा शेडच्या पत्र्याला हादरवणारा, पण खरा राग आला की तो खाली यायचा. आत्ता तो अगदी खाली आला होता.

"काय केलंस आत्ता?"

"चव घेतली, सर."

"बरणीत काय आहे?"

"मीठपाणी. दुसरं काय असनार?"

"कुणी सांगितलं? चिठ्ठी वाचलीस?"

बरणीवर चिठ्ठी चिकटवलेली होती खरी. चंद्रावतीने तिच्याकडे पाहिलं. वळणदार अक्षरं होती, आणि ती तिच्याशी एक शब्दही बोलेनात.

"कंपनीत पाण्यासारखं दिसणारं पन्नास प्रकारचं काही असतं," सर म्हणाले. "त्यातलं एक जिभेला लागलं तर पाणी मागायला जीभ राहायची नाही. आज पहिली वेळ म्हणून सोडतो. पुन्हा बोट तोंडाशी गेलं तर रजिस्टरातून नाव काढीन, मग कुणी रदबदली केली तरी ऐकणार नाही. जा, साबणाने हात धू. वीस आकडे मोजून."

वीसपर्यंतचे आकडे तिला तोंडपाठ होते, एवढी एक अब्रू राहिली. नळाखाली हात धरून ती मोजत राहिली आणि कान लाल होऊन गरम झाले ते विसाव्या आकड्यानंतरही तसेच राहिले. बेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, आणि शाळकरी पोरीसारखी वर्गाबाहेर नळावर उभी.

वर्ग भरायचा रोह्याला, एका जुन्या भातगिरणीच्या शेडमध्ये. एका संस्थेने तो मोठ्या माणसांसाठी काढला होता. सहा महिने शिकायचं, शेवटी परीक्षा, आणि पास झालेल्यांना औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत बॉयलरखान्यात हेल्पर म्हणून घेणार, असं ठरलं होतं. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातले क्षार काढून ते आधी मऊ करावं लागतं, त्यासाठी मिठाचं कडक, म्हणजे भरपूर मीठ मुरलेलं पाणी लागतं, आणि ते पाणी पुरेसं कडक आहे की नाही हे दर शिफ्टला बघून तक्त्यावर लिहावं लागतं. काम एवढंच. पण त्यातलं 'लिहावं लागतं' हेच चंद्रावतीच्या घशात अडकलेला काटा होता.

गंमत अशी की एका खोलीत मास्तर दोन. काळुराम सर कंपनीतून निवृत्त झालेले, ते पंप आणि व्हॉल्व्ह शिकवायचे. विमलबाई झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, त्या अक्षरं आणि आकडे शिकवायच्या. तेही वेगळ्या तासाला नव्हे, त्याच तासाला. सरांनी पिंपावर हात ठेवला की बाई पिंपावरची चिठ्ठी वाचून घ्यायच्या, सरांनी गेज दाखवलं की बाई त्यावरचे आकडे फळ्यावर मांडायच्या. पुस्तक असं नव्हतंच. एका म्यानात दोन तलवारी किती दिवस राहणार म्हणून पहिल्या महिन्यात सगळ्यांनी मजा बघितली. दोघे खडूसाठी भांडले, फळ्याच्या अर्ध्यावर रेघ मारून झाली, आणि मग कधीतरी कुणाच्या लक्षात न येता ती रेघ पुसली गेली.

चंद्रावती कासू स्टेशनवर रोह्याच्या गाडीत चढायची. त्याआधी खाडीकाठच्या पाड्यावरून तासभर चालत यायची. वीस वर्षं ती मिठागरावर राबली होती. मग एका भरतीला बांध फुटला, वाफ्यांवर गाळ बसला, आणि मालकाने पुन्हा म्हणून तिकडे तोंड दाखवलं नाही. नवरा जगन जोहे गावात गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात माती मळायला जायचा, पण ते काम हंगामापुरतं. आता घर वर्षभर चालवायचं तर ही नोकरी हवी होती. आणि मुलांना नसेल माहीत, पण तिला आणखी एक हवं होतं, खरंखुरं लिहिता-वाचता येणं. गावाला 'संपूर्ण साक्षर' अशी पाटी लागली तेव्हा तिला सही शिकवून त्यात मोजून टाकलं होतं. त्या पाटीखालून जाताना तिला रोज चोरी केल्यासारखं वाटायचं.

त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. पण जित्याची खोड, बोट आपोआप उठायचं. शेवटी तिने उजव्या हाताच्या त्या बोटाला लुगड्याच्या काठाची पट्टी गुंडाळली.

"काय गो, बोटावर पहारा बसवलास?" वर्गात शेजारी बसणारी हौसा हसली. हौसा आतल्या गावातली, भातशेतीवाली. तिला असल्या बोटांचं दुःख कुठून कळणार?

मीटरने तर तिला रडवलं. काचेची बंद नळी, आत आकड्यांचा कागद. पाण्यात सोडली की तरंगायची, आणि पाण्याच्या रेघेवर जो आकडा येईल तो पाण्याचा कडकपणा. पण आकडे वरून खाली वाढत जायचे.

"ह्ये उफराटंच हाय, बाई," चंद्रावती म्हणाली. "सगळं जग खालून वर चढतंय."

"विहीर बघितलीस ना?" विमलबाई म्हणाल्या. "पहिली पायरी कुठे?"

"वर."

"आणि विसावी?"

चंद्रावतीने नळीवर नख ठेवलं आणि एकेक पायरी उतरत गेली. त्या दिवशी घरी जाताना गाडीत ती खिडकीबाहेरच्या स्टेशनच्या पाट्या वाचत गेली आणि कासूची पाटी वाचण्याच्या नादात उतरायची जवळजवळ राहिलीच.

तक्त्यावर पाच रकाने होते. तारीख, वेळ, मीटर, सही, शेरा. पहिले चार ती भरायला लागली. पाचवा मात्र रोज कोरा.

"शेऱ्यात काय लिवू?" तिने विचारलं.

"तुला जे दिसलं ते."

"मला काय दिसनार, बाई? आपल्या वर्गातला पोपट 'ठीक' लिवतोय, ते लिवू?"

"पोपटला ठीक दिसत असेल. तुला दिसलं तर तूही लिही."

चंद्रावतीने लिहिलं नाही. बाकीच्या रकान्यांना फळ्यावर नमुना असायचा, बघून उतरवता यायचं. शेऱ्याला नमुना नव्हता.

परीक्षा चैत्रात आली. कंपनीचा साहेब जीप घेऊन आला, तिच्या थोरल्या मुलाच्या वयाचा. सकाळीच त्याने नवाकोरा मीटर बरणीत सोडून आकडा आपल्या वहीत लिहून घेतला आणि एकेकाला आत बोलावलं. पोपट बाहेर आला, बोटांनी एक आणि आठ दाखवून गेला. हौसा आली ती पदराने घाम पुसत.

"अठरा गो. सोप्पं हाय, मीटर सोडायचा नि लिवायचं."

चंद्रावतीचं नाव यादीत शेवटचं. तिची पाळी आली तेव्हा दुपार कलली होती आणि शेडचा पत्रा तव्यासारखा तापला होता. काळुराम सर भिंतीशी उभे, विमलबाई रजिस्टर घेऊन बसलेल्या. तिने मीटर सोडला, हलायचा थांबेपर्यंत थांबली, वाकली आणि पायऱ्या उतरली. अठरा.

ती सरळ होणार एवढ्यात तिला दिसलं. पाण्यावर काचेच्या कडेकडेने पातळ पांढरी पापडी धरली होती. दुधावर साय धरावी तशी, अगदी कोवळी.

तिने पुन्हा आकडा वाचला. अठराच. असली साय तिने वीस वर्षं पहाटे उठून बघितली होती. पाणी पिकल्याशिवाय ती धरत नाही, आणि पिकतं ते पंचविसाला, हे तर सरांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं. बोटावरची पट्टी तिच्या नकळत सुटायला लागली. एक थेंब, फक्त एक थेंब जिभेवर, म्हणजे खरंखोटं झालं असतं. साहेब वहीत बघत होता. सर बाहेर बघत होते.

तिने पट्टी दातांनी ओढून पुन्हा घट्ट बांधली.

मीटरच्या रकान्यात तिने अठरा लिहिलं, कारण दिसत होतं ते तेच. तेवढ्यावर उठली असती तर पास होती. सगळे त्याच्यावरच पास होते. ती उठली नाही. पेन धरून ती इतका वेळ वाकून राहिली की साहेबाने घड्याळ बघितलं. मग त्याने तक्ता ओढून घेतला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय लिहिलंय? 'पाण्यावर मीठ धरलं. अठराला धरत नाय. मीटर बघा.' बाई, मीटर नवा आहे. सकाळी मी स्वतः बघितलंय, अठरा."

"व्हय, साहेब. मीटर अठराच सांगतोय."

"मग?"

"पानी नाय सांगत."

साहेबाने सरांकडे पाहिलं. सर बरणीजवळ येऊन वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"जीपमध्ये दुसरा मीटर असेल तर आणा," ते म्हणाले.

साहेब कुरकुरत बाहेर गेला. आपण उगाच शहाणपणा केला, सहा महिन्यांची पायपीट एका ओळीत घालवली, असं चंद्रावतीला वाटत होतं. शेडमध्ये तिघंच उरली. सरांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि बायांकडे पाठ केली. पाठीमागून दिसलं ते एवढंच की त्यांचा उजवा कोपर खाली गेला आणि मग वर आला.

विमलबाईंनी रजिस्टरात मान घातली.

सर वळले. साठीच्या माणसाच्या तोंडावर असा चोरटा आनंद चंद्रावतीने याआधी फक्त मिठागरावर बघितला होता, हंगामाच्या पहिल्या वाफ्यावर.

"पिकलंय गो," ते हळूच म्हणाले. "पुरतं पिकलंय."

कंपनीतली तीस वर्षं त्या दोन शब्दांत कुठल्या कुठे गेली होती. बोलणारा माणूस खाडीकाठचा होता, तिच्याच बांधापलीकडचा. चंद्रावतीचा जीव भांड्यात पडला आणि डोळे भरून आले. हसू आवरेना म्हणून तिने पदर तोंडाला लावला.

"सर," ती म्हणाली, "हात धुवा."

काळुराम सर बाह्या सारत नळाकडे गेले.

साहेब दुसरा मीटर घेऊन आला. बरणीत सोडला, वाकला, पुन्हा वाकला. पंचवीस. मग पहिला मीटर उजेडात धरून नखाने टिचकी मारली. आतला कागद सुटून खाली घसरला होता, तो आणखी केसभर घसरला. साहेबाने खिशातून पेन काढलं, आपल्या वहीतला अठराचा आकडा खोडला आणि चंद्रावतीच्या शेऱ्याखाली सही केली.

"सगळ्यांना या दुसऱ्या मीटरवर पुन्हा बोलवावं लागणार," तो म्हणाला. "तुम्ही सोडून. सर कुठे गेले?"

"हात धुतायत," चंद्रावती म्हणाली. "वीस झालं की येतील."