कणीक ज्याची, थाप त्याची

बोलतोय तो टाकव्याच्या भजनी मंडळाचा पखवाज. थाप पडल्याशिवाय तोंड उघडायची माझी सवय नाही, पण आज राहवत नाही. आणि एकदा सुरू झालो की मला गप्प बसवणं सोपं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मला दोन तोंडं. माणसांत दोन तोंडांच्याला कुणी जवळ करत नाही, माझं मात्र त्यावरच चालतं. उजव्या तोंडाला काळी शाई, तिथून टणक बोल निघतात. डाव्या तोंडावर दर वेळी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठं छातीत घुमणारा आवाज येतो. वाजवून झालं की ती कणीक खरवडून टाकायची. नाहीतर उंदीर येतात आणि कणकेबरोबर माझं कातडंही कुरतडतात. माझं एकदा कुरतडलंय, म्हणून सांगतो.

अंग शिसवीचं. घडलो तळेगावला, आणि एका सप्ताहाच्या तोंडावर गावची माणसं मला खांद्यावरून घेऊन आली. सीताराम आबांनी मला पहिल्यांदा मांडीशी घेतलं, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. मला वाटलं, हा माणूस आता आपल्याला बडवणार. पण त्यांनी आधी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काय रं, दमलास का?" तिथंच मी त्यांचा झालो.

आबांची एक रीत होती. माझी कणीक ते स्वतः मळायचे, स्वतः लावायचे. दुसऱ्या कुणी बोट लावलं की हात झटकायचे. "कणीक ज्याची, थाप त्याची. मळंल तो मळू द्या, लावंल त्यानंच वाजवायचं." त्यांच्या गुरूंनी म्हणे भर सप्ताहात सगळ्यांसमोर कणकेचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला होता आणि स्वतः टाळकऱ्यांत जाऊन बसले होते. तेव्हापासून टाकव्यात पखवाज असाच एका हातातून दुसऱ्या हातात जातो. भाषण नाही, नारळ नाही, सत्कार नाही.

कोमल माझ्या आयुष्यात आली ती फ्रॉक घालणारी पोर म्हणून. तिचे वडील गोरख मंडळात अभंग म्हणतात, चाल तेच धरतात. ही त्यांच्याबरोबर यायची, आबांच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि डालड्याचा रिकामा डबा उलटा करून माझी नक्कल करायची. मला राग यायचा. डबा आणि माझी बरोबरी? पण एक दिवस आबा वाजवता वाजवता थांबले, तरी डब्यावरचा ठेका चुकला नाही. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी काय बोलणार? पोरीचं बरोबर होतं.

मग आबांनी तिला शिकवलं. बारावी झाल्यावर तिनं लोणावळ्याच्या कॉलेजात संगीत घेतलं, आणि मंडळानं मला तिच्याबरोबर धाडलं. आबांनी एकच बजावलं, "शीक, पण सप्ताहाला पखवाज गावात पायजे."

लोणावळ्यात आम्ही तिच्या वर्गातल्या महेकच्या घरी, मागच्या खोलीत राहायचो. महेक गाते. तिची आई कमरजहाँ खाला रोज सकाळी चपात्यांची कणीक मळताना एक गोळा बाजूला काढून ठेवायची आणि ओरडायची, "कोमल, तुझ्या ढोलकीचा नाश्ता झाला गं!" ढोलकी! अहो, मी पखवाज आहे, पखवाज! पण कणीक इतकी मऊ असायची की मी तो अपमान मुकाट्यानं गिळायचो.

पहिली दोन वर्षं कशी गेली ते कळलंच नाही. तिसरं वर्ष मात्र, काय सांगू, नकोसं झालं. जो तो एकच विचारायचा, "पुढे काय?" कॅन्टीनवाला चहा देताना विचारायचा, ग्रंथालयातल्या बाई पुस्तक परत घेताना विचारायच्या. वर्गात साडी कुठल्या रंगाची, निरोपाचा फोटो कुठं काढायचा, यावर भांडणं चालायची आणि मध्येच कुणीतरी खिडकीबाहेर बघत बसायचं.

कोमलचे तर हात एका जागी ठरेनात. बाकावर ठेका, जेवणाच्या ताटावर ठेका, लोकलमध्ये खिडकीच्या गजावर ठेका. एकदा शेजारच्या बाईच्या पिशवीवर धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, अंडी आहेत त्यात!" रात्री कूस बदलतानाही तिची बोटं चादरीवर चालायची. मला मात्र ती पूर्वीसारखी वाजवत नव्हती. चौताल सुरू करायची, अर्ध्यात सोडायची. माझ्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारून सूर चढवायची, परत उतरवायची. अगं बाई, एकदा काय ते ठरव! माझा जीव टांगणीला लागला होता.

कारण मला ठाऊक होतं. दिवाळीला आम्ही गावी गेलो होतो, तेव्हा देवळात मी खुंटीवर होतो आणि खाली आबा, गोरख आणि कोमल बसले होते. आबांचा उजवा हात आताशा थरथरतो. साऱ्या गावाला दिसतं, पण बोलायची कुणाची छाती नाही. त्या दिवशी कोमलच म्हणाली, "आबा, सप्ताहात मी बसू का पखवाजाला? तुमी शेजारी बसा."

आबा नुसते माझ्याकडं बघत राहिले. बोलले ते गोरख. "माझीच पोर हाय म्हून सांगतो, आबा. आज वाजवंल, उद्या लगीन होऊन जाईल. मंग मंडळानं काय करायचं? त्यापरीस कामशेतचा पोरगा बोलवू. त्याचा सोताचा पखवाज हाय."

"आणि मी काय करायचं?" कोमलनं विचारलं.

"कंपनीत लाग की हितल्या. हजार पोरी कामाला जात्यात."

"कामाला न्हाई म्हणलं का मी? कामाला जाईन. पण वाजवायचं कुटं?"

गोरख टाळ आवरायला लागले. आणि माझं काय, हे तर कुणी विचारलंही नाही. कामशेतचा पोरगा आला, तर तो आपला पखवाज आणणार. मग मी खुंटीवर, आणि खुंटीवरच्या पखवाजाला फक्त उंदीर विचारतात. एवढ्यासाठी तीन वर्षं शिकलो का आम्ही दोघं? मला संताप आला होता. तिलाही आला होता, पण ती आबांच्या पाया पडली आणि उठली. आबांचा हात तिच्या डोक्यावर थरथरत राहिला.

अशी उन्हाळ्यापर्यंत तळमळ चालली. शेवटी सप्ताह आणि कॉलेजची प्रात्यक्षिक परीक्षा एकाच आठवड्यात आली. आमचं नशीबच तसं! मला घेऊन कोमल सप्ताहासाठी गावी आली. संध्याकाळच्या कीर्तनाला आबाच बसले. हात चुकत होता, आणि टाळकरी हळूच लय सावरून घेत होते. कोमल बायकांत बसून मांडीवर बोटं दाबत होती. परीक्षेच्या आदल्या रात्री तिनं आबांना शब्द दिला, "सकाळी जाते, कीर्तनाच्या आत पखवाज आणते."

सकाळी घरात पाहुण्यांची ही गर्दी. तिची आई अनिता चुलीपासून हलायला तयार नाही. कोमल बूट घालता घालता ओरडली, "आई, डब्यात पीठ घाल गं थोडं, पखवाजाला!" आईनं घातलं, झाकण लावलं, पिशवीत टाकलं. आम्ही टमटमनं कान्हे फाट्याला, तिथून लोकलनं लोणावळ्याला.

परीक्षेच्या खोलीबाहेर कोमलनं डबा उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आत पांढरंशुभ्र तांदळाचं पीठ, त्याला कणकेचा चिवटपणा कुठला!

आईचा तरी काय दोष? आमच्या आंदर मावळात भात पिकतो, भाकरी तांदळाची होते. आमच्याकडं नुसतं पीठ म्हटलं की ते तांदळाचंच. लोणावळ्याच्या तीन वर्षांत खालाच्या कणकेची इतकी सवय झाली होती की ही पोर आपल्याच घरची बोली विसरली. आतून हाक आली, "कोमल गोरख..." मळलं तिनं तेच पीठ, आणि थापलं माझ्या तोंडावर.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चष्म्यातून बघत होत्या. कोमलनं चौताल धरला. पहिली आवर्तनं नीट गेली. मग मला जाणवलं, तोंडावर काहीतरी तडकतंय. एक भेग, दुसरी भेग. धा म्हणता म्हणता अर्धा गोळा गळून सतरंजीवर पडला. माझा आवाज घुमायचा तो फटफट यायला लागला. लाजेनं मेलो मी! वाटलं, आता ही थांबणार, रडणार, संपलं सगळं.

ती थांबली नाही. डाव्या हाताखाली नुसतं कोरडं कातडं, तरी बोल सोडला नाही, लय सोडली नाही. आवर्तन पुरं करून समेवर आली, तेव्हाच हात उचलला. मग म्हणाली, "मॅडम, पीठ चुकलं. मी दोन मिनिटं घेऊ का?"

बाईंनी मान हलवली. दारात महेक उभी होती, तिचा नंबर पुढचा. ती धावत डबा घेऊन आली. "चपाती आहे. भाजी लागलेली नाही, शप्पथ!" कोमलनं खालाच्या चपात्या कुस्करल्या, पाण्यात मळल्या आणि माझ्या तोंडाला फासल्या. माझ्या! शिळ्या चपात्या! पण खरं सांगतो, घुमलो. थोडा घोगरा, पण घुमलो. परीक्षक बाई आधी ओठ दाबून बसल्या होत्या, शेवटी हसल्याच. निकाल अजून लागायचा आहे, त्यामुळं त्या हसण्याचे किती मार्क मिळाले ते मला माहीत नाही.

परतीच्या वाटेवर कोमलचं तोंड एवढंसं झालं होतं. टमटममध्ये तिनं मला मांडीवर आडवं घेतलं आणि हळूच म्हणाली, "वाटोळं केलं रे मी तुझं." मला म्हणावंसं वाटलं, वेडे, माझं वाटोळं खुंटीवर होईल, तुझ्या मांडीवर नाही. पण माझं तोंड थापेशिवाय उघडत नाही.

देवळाशी पोचलो तेव्हा टाळ वाजायला लागले होते. आबांनी विचारलं, तिनं सगळं सांगितलं. चपातीपर्यंत गोष्ट आल्यावर मंडळी खो खो हसली. अनितानं कपाळावर हात मारून घेतला. आबा मात्र हसले नाहीत.

"पीठ गळालं, तवा हात थांबला का?"

"न्हाई, आबा. समेवर आणून थांबवला."

"व्हय?"

"व्हय."

आबांनी परातीतून गव्हाची कणीक घेतली. मळायला लागले. हात थरथरत होता म्हणून वेळ लागत होता, पण कुणी मदतीला गेलं नाही. आबांची रीतच तशी. गोळा झाला. मी डावं तोंड वर करून पडलो होतो, रोजच्यासारखा. आबा माझ्याजवळ आले, आणि तो गोळा त्यांनी कोमलच्या तळहातावर ठेवला.

"लाव."

देवळात टाळ थांबले. गोरख पुढं झाले. "आबा, पन ती लगीन होऊन..."

"गेली तर तितं वाजवील. तिच्या सासरी देऊळ नसंल व्हय रं? आन हाय तंवर हितं वाजवू दे. मी बी काय जन्मभर पुरलो का तुमाला?" आबा म्हणाले. त्यांनी शेल्यानं डोळे पुसले आणि कुणाकडं न बघता टाळकऱ्यांत जाऊन बसले. शेजारच्याच्या हातातले टाळ ओढून घेतले.

कोमलचे हात इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्थिर दिसले. तिनं कणीक लावली, कडा अंगठ्यानं दाबल्या, पाण्याचं बोट फिरवलं. गोरख तसेच उभे होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि अभंग उचलला, नेहमीपेक्षा थोडा खालच्या पट्टीत. लेकीला सोपं जावं म्हणून, मला कळलं ते. पहिली थाप पडली आणि काय सांगू तुम्हाला, मी माझ्या उभ्या जन्मात असा घुमलो नव्हतो. आबांच्या हातातसुद्धा नाही, आणि हे आबांना सांगितलं तर त्यांनाच सगळ्यात जास्त आनंद होईल.

सोमवारपासून कोमल टाकव्यातल्याच कंपनीत जाते. मी देवळात असतो. तिची कामाची पाळी सुटायची वेळ झाली की माझा जीव वरखाली होतो. येते, दमलेली असते. माझ्या पाठीवरून हात फिरवते आणि विचारते, "काय रं, दमलास का?" मग कणीक मळते.

उद्या ती कुठं जाईल, मी कुठं असेन, मला माहीत नाही. तुमच्या गावाला नांदायला आली, तर तुमच्याकडं एकच मागणं आहे. तिला देवळात बसायला जागा करून द्या, आणि पीठ गव्हाचं द्या.