तिन्ही बाटल्यांत पाणी

मोरिवलीच्या रंगाच्या कारखान्यात नवा माणूस आला की जुने लोक त्याचं नाक तपासत. पहिल्या दिवशी सल्फाइडच्या टाकीजवळ ओकला तर कच्चा. महिन्याभराने तिथेच डबा उघडून जेवला तर पक्का. कमळाकर अकरा वर्षांत इतका पक्का झाला होता की गॅस गळायला लागला की फोरमन आधी त्यालाच हाक मारी. बाकीचे तोंडाला फडकं बांधून बाहेर पळत आणि हा आत जाई. बाहेर येऊन वर म्हणे, "कसला वास? तुम्हीच नाजूक." या बढाईत मधेमधे खोकलाही असे, पण तो कुणी हिशेबात धरत नसे.

१९८७ साली डॉक्टरने धरला. टाकीचं काम सोड, नाहीतर छातीचं काही खरं नाही, म्हणाला. सोडून जायचं कुठे? बापाच्या शेतावर तर कारखानाच उभा होता. आतल्या आत एकच जागा निघाली होती, प्रयोगशाळेत मदतनिसाची. केमिस्ट सुदाम साळवे त्यासाठी परीक्षा घेणार होता, आठवीच्या पुस्तकावर.

कमळाकरच्या बायकोने, मोतीबाईने, लेकीचं पुस्तक ताब्यात घेतलं. ती वाचताना अडखळे, नवऱ्याची चूक पकडताना मात्र नाही. ज्याचं साध्या पदार्थांत विघटन होत नाही ते मूलद्रव्य. दोन मूलद्रव्यांचा ठराविक प्रमाणात संयोग झाला की संयुग, आणि संयुगात दोघांचेही जुने गुण उरत नाहीत. सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन जीव गुदमरवतो, आणि दोघांचं मिळून जेवणातलं मीठ होतं. इथे कमळाकर अडला. त्याच्या आज्याने जन्म मिठागरात काढला होता, त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मोतीबाई म्हणाली, परीक्षा आजा घेणार नाही, पुस्तकात आहे तसं बोला.

परीक्षेला तो धुतलेला शर्ट घालून गेला. साळवे उल्हासनगरचा, घराण्यातला पहिला बीएस्सी. कमळाकर पास व्हावा असं त्याला इतकं वाटत होतं की प्रश्न विचारताना उत्तराच्या जागी त्याचेच ओठ हलत. लेखी-तोंडी सगळं बरोबर आलं. मग साळवेने तीन बाटल्या पुढे ठेवल्या. एकीत पाणी, एकीत पातळ व्हिनेगर, एकीत पाण्यात विरघळवलेला तोच टाकीचा गॅस. वासावरून ओळखा, हे सगळ्यात सोपं, तो म्हणाला.

कमळाकरने शिकवल्याप्रमाणे बाटली लांब धरून हाताने वारा घेतला. मग जवळ आणली. मग नाकच बाटलीला लावलं. साळवेने ती हिसकावली.

"तिन्हीत पाणी आहे," कमळाकर हसून म्हणाला. "साळवेसाहेब, गरिबाला फसवता काय?"

साळवेने तोवर खिडकी उघडली होती. "कमळाकरभाऊ, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

साळवेने सांगितलं. हा गॅस आधी नाक मारतो. वास थांबला म्हणजे गॅस थांबला असं नसतं. कमळाकरने ऐकून घेतलं आणि रंग बदलून पदार्थ ओळखवणाऱ्या तपासणीच्या कागदी पट्ट्या मागितल्या. पट्ट्यांनी त्याने तिन्ही बाटल्या अचूक ओळखल्या. काळी पडली त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "हायड्रोजन आणि गंधक. संयुग."

साळवेने दोन दिवस अहवाल लिहिला. वास येत नसल्याने प्रयोगशाळेस अयोग्य, हे लिहिणं भाग होतं. खाली लाल शाईने लिहिलं की या माणसाला गॅस कळतच नाही, त्याला टाकीपासून तातडीने हलवावं. प्रयोगशाळेची जागा गेली तरी माणूस वाचेल, असा त्याचा अंदाज.

मॅनेजरने दोन्ही परिच्छेद वाचले. जागा कुळगावच्या मधूला गेली. लाल शाईबद्दल तो एवढंच म्हणाला, "त्याला त्रास होत नाही ना? मग झालं तर." पुढच्या सोमवारपासून कमळाकरची टाकीवर कायम नेमणूक झाली.

साळवे माफी मागायला तिथवर गेला. नाकाला रुमाल लावून उभा राहिला. शेवटी कमळाकरनेच विचारलं, "संयुगांचं सगळं बरोबर आलं होतं ना, साहेब?"

"सगळं," साळवे रुमालातून म्हणाला.