सूर्य लांब गेला त्या दिवशी

माझ्या जिभेला हाड नाही. विज्ञानाचा मास्तर आहे, त्यामुळे घरातही शिकवायची खोड. सहा जुलैला शाळेला निघताना मी आईला ऐटीत सांगितलं, "आई, आज सूर्य आपल्यापासून वर्षातला सगळ्यात लांब आहे."

आई बाळंतिणीसाठी पाणी तापवत होती. माझी बहीण मोहिनी पहिल्या बाळंतपणाला आमच्या गावी, साखऱ्याला आली होती. लेकरू बारा दिवसांचं. आई म्हणाली, "मंग गारठा वाढंल की." मी हसलो आणि गाडीला किक मारली. आभाळ भरलेलं, नुसतं उकडत होतं.

मधल्या सुट्टीत घरी आलो, तर बाळंतिणीच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं, खिडकीत पोती कोंबलेली. बाळंतिणीच्या खाटेखाली आमच्याकडे कोळशाची शेगडी ठेवतात, पण दार उघडं असतं.

"दार काहून लावलं?"

"सूर्य लांब गेला म्हणलास न्हाई का? आज दोन शेगड्या ठेवल्या. झरोका बी बुजवला." आईचा चेहरा समाधानी होता.

बंद खोलीत कोळशाचा वायू माणसाला झोपेतच मारतो, हे मी दरवर्षी सातवीला शिकवतो. दार ढकललं. मोहिनी उशीवर ओकली होती, हाक मारली तरी डोळे उघडेनात. लेकरू तिच्या कुशीत सैल पडलं होतं. त्याला अंगणात आणलं, तेव्हा त्याची मान माझ्या हातावर लोंबत होती. एवढा मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. आईनं शेजाऱ्यांच्या मदतीनं मोहिनीला ओढत बाहेर काढलं. मी लेकराचे तळवे चोळत राहिलो. बऱ्याच वेळानं ते बारीकसं रडलं.

दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण आज लक्ष ठेवू. आई बाकावर माझ्याशेजारी बसली.

"सूर्य जवळ कवा येतो रे?"

"जानेवारीत."

तिनं जरा विचार केला. "जानेवारीत तर शेकोटीपासून उठू वाटत न्हाई."

"थंडीचा लांब-जवळशी संबंध नसतो, आई."

"मंग एवढं सकाळी काहून न्हाई सांगितलं, मास्तर?"

आजवर तिनं मला मास्तर म्हटलं नव्हतं. तेवढ्यात आत चाललेलं लेकराचं रडणं अचानक थांबलं. आम्ही दोघंही धडपडत उठलो. मोहिनीनं त्याला पाजायला घेतलं होतं. तरी आई दारातच उभी राहिली, त्याची छाती हलते का बघत.