टेबलामागच्या भिंतीवरचं चित्र

कल्पना कर बरं. तू एका नव्याकोऱ्या घरात आहेस. भिंतींना अजून रंगाचा वास येतोय. खिडकीबाहेर टिटवाळ्याच्या नव्या इमारती दिसतायत, आणि त्यांच्या मागे डोंगराची निळसर रेघ. आता मागे वळ. जेवणाच्या टेबलामागे एक मोकळी पांढरी भिंत आहे, आणि तिच्या मधोमध एक खिळा. नुसता खिळाच. त्यावर तू काय लावशील? लगेच सांगू नकोस. आधी श्रियाचं काय झालं ते ऐक.

श्रिया सहावीत होती. घर तिचंच. तिच्या आईला, म्हणजे चित्राला, त्या भिंतीवर फळांचं छानसं चित्र हवं होतं. म्हणून वास्तुशांतीच्या आधीच्या आठवड्यात ती माजिवड्याच्या एका दुकानात गेली. बरोबर श्रिया होती, शेवंतीआजी होत्या, म्हणजे श्रियाच्या बाबांची आई, आणि डोंबिवलीहून मुद्दाम बोलावलेले मधुआजोबा, चित्राचे वडील. मधुआजोबांनी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवली होती. चित्रांतलं त्यांना कळेल, असं सगळ्यांना वाटत होतं.

पहिल्याच चित्रात बशीत एक मासा होता. शेवंतीआजी मालवणकडच्या. त्यांनी चष्मा नीट करून जवळून पाहिलं.

"डोळा बघा त्याचा. पांढरा पडलाय. हा मासा मी फुकट दिला तरी घेणार नाही."

"आई, तो खायचा नाहीये," चित्रा म्हणाली. "बरं, ही द्राक्षं बघा. किती फ्रेश आहेत!"

"आणि शेजारी तो पेला? जेवताना समोर दारू?"

"कोकम सरबत समजा ना."

"कोकम सरबत अशा पेल्यात कोण पितं गं?"

श्रियाला जांभई आली. "आजोबा, यात नुसत्या वस्तूच आहेत. माणूस नाही, स्टोरी नाही. कोण काढतं असलं?"

"याला स्थिरचित्र म्हणतात," आजोबा म्हणाले. "आणि हे फार पूर्वीपासून काढतायत. इजिप्तमध्ये थडग्यांच्या भिंतींवर भाकऱ्या, बदकं, अंजिरं काढायचे. मेलेल्या माणसाला पुढच्या प्रवासात उपाशी राहायला लागू नये म्हणून."

"म्हणजे डबा!"

"डबाच. मग रोमन लोक आपल्या घराच्या भिंतींवर काचेच्या भांड्यातली फळं रंगवायला लागले. पुढे चारशे वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या व्यापाऱ्यांना तर याचं वेडच लागलं. हे लिंबू दिसतंय ना? त्यांच्याकडे ते पिकत नसे, जहाजातून लांबून यायचं. चित्रात लिंबू असलं की घर खातंपितं."

"शोऑफ करायचे," श्रिया म्हणाली.

"थोडा. पण गंमत अशी, की त्या काळात मोठमोठे जाणकार या चित्रांना अगदी खालच्या पंक्तीत बसवायचे. वर राजे, लढाया, देवादिक. खाली बिचारं लिंबू. तरी लोक घरात लावायला लिंबूच न्यायचे. रोज वरणभात खाताना समोर लढाई कुणाला हवी?"

आता श्रिया चित्रं नीट बघायला लागली. काचेवर खिडकीचा उजेड कसा पडलाय, द्राक्षावर ती पांढरी धूळ कशी दाखवलीय. सगळं दुकान बघून झाल्यावर ती म्हणाली, "चांगली आहेत. पण यातलं काहीच आपल्या घरातलं नाहीये. मम्मी, मी काढू? आपल्याच वस्तूंचं?"

चित्राने तिच्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आजोबा छताकडे बघत होते.

"काढ," ती म्हणाली. "पण तो खिळा मला फार दिवस रिकामा नकोय. द्राक्षांचं चित्र दुकानदार सोमवारपर्यंत ठेवतोय. तोवर तुझं पूर्ण झालं तर तुझं. नाहीतर द्राक्षं."

घरात वास्तुशांतीचं सामान येऊन पडलंच होतं. श्रियाने त्यातून निवड केली. तांब्याचा तांब्या, केळ्यांची फणी, विड्याची पानं आणि एक लांब शेंडीचा नारळ. शेवंतीआजींनी तो बाजूला काढून दिला. "पूजेला माझ्याकडे दुसरे आहेत," त्या म्हणाल्या. हॉलच्या खिडकीपाशी पाटावर हिरवा कपडा घालून तिने सगळं मांडलं, आणि घरात हुकूम सोडला, "कुणीही कशालाही हात लावायचा नाही. एक पान हललं तरी सावली बदलते!"

शाळेतून आली की ती तिथे बसायची. तांब्या झाला, केळी झाली, पानं झाली. रविवारी फक्त नारळ रंगवायचा राहिला होता.

रविवारी सकाळी होम झाला, दुपारी पंगत उठली, आणि मग शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या. श्रिया स्वयंपाकघरात पन्ह्याचे पेले भरत होती. ट्रे घेऊन बाहेर आली, आणि तिचे पाय जागीच थांबले.

नारळ लाल-पिवळा झाला होता. त्यावर अक्षता होत्या, शेंडीत झेंडूचं फूल होतं, केळ्यांवर हळद सांडली होती. समोर तळमजल्यावरच्या सखुबाई हात जोडून, डोळे मिटून उभ्या होत्या.

"माझ्या नारळाला हात कुणी लावला?"

सखुबाईंनी दचकून डोळे उघडले. "अगं बाय माझे! हा देव नाही? पाट, तांब्या, नारळ, पानं... मला वाटलं, पूजा मांडलेय. मी लावलं, मग सगळ्यांनीच लावलं."

"मी धुते तो!"

"धुवायचा नाही हं," शेवंतीआजी म्हणाल्या. "आज वास्तुशांत. बायका पाया पडल्यात त्याच्या."

"मग दुसरा दे."

"दुसरा त्याच्यासारखा नसणार. शेंडी वेगळी, सावली वेगळी. तूच तर सांगत होतीस."

श्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. चित्राने ट्रे बाजूला ठेवून तिला जवळ घेतलं. "जाऊ दे गं. किती मेहनत केलीस ते बघितलंय मी. उद्या द्राक्षं आणू, हे पुढे कधीतरी पूर्ण कर."

मधुआजोबा गुडघ्यावर हात देत हळूच पाटाशेजारी खाली बसले.

"हॉलंडचे ते लोक फुलदाणीही रंगवायचे," ते म्हणाले. "एका फुलदाणीत वसंतातलं फूल आणि भर उन्हाळ्यातलं फूल, शेजारी शेजारी. एक रंगवून व्हायचं, ते सुकून जायचं, तेव्हा कुठे दुसरं उमलायचं. चित्रकार थांबायचा."

"म्हणजे तशी फुलदाणी कधी नव्हतीच? मग ते चित्र खोटं?"

"तुला काय वाटतं?"

"अहो मास्तर, पोरीला सरळ सांगा ना काय करायचं ते," शेवंतीआजी म्हणाल्या.

"मी सांगितलं तर ते माझं चित्र होईल."

श्रियाने डोळे पुसले आणि नारळाकडे बघितलं. एक टिळा ठसठशीत होता. एक बारीक. एक शेंडीत उतरून पार घसरत गेला होता.

"सखुमावशी, तुमचा कुठला?"

"हा जाडा."

"आणि हा वाकडातिकडा?"

सखुबाईंनी पदर तोंडाला लावला. "तो तुझ्या आजीचा!"

"आई!" चित्रा ओरडलीच. "तुम्हाला तर माहीत होतं!"

"सगळ्याच लावत होत्या," शेवंतीआजी पदर सावरत म्हणाल्या. "मी एकटी कशी मागे राहू?"

सगळ्याजणी हसल्या. श्रियालाही हसू आवरेना. खिडकीत अजून चांगलं ऊन होतं. तिने पन्ह्याचा ट्रे उचलून आईच्या हातात दिला, पाटासमोर मांडी घातली, आधी नारळ तपकिरी रंगवून घेतला, मग ब्रश धुतला आणि लाल रंगाची बाटली उघडली.

"आजी, आधी तुझा," ती म्हणाली, आणि तो टिळा होता तसाच, वाकडा काढायला लागली.