सकाळची बाटली

आमचे हे शाळामास्तर. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत ह्यांच्या लघवीला मुंग्या लागल्या. मालवणच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला आणि मुंबईहून नव्या गोळ्या मागवून दिल्या. इन्शुलिनची सुई टळली म्हणून हे खूश. पण गोड बंद. मी साखर-गूळ कुलपात टाकला आणि बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. ह्यांचं तोंड वाकडं. मी म्हणायचे, "सवय होतली."

आता लोक प्रेमाने पाठवतात ते टाकायचं कुठे? अक्काकडचे गुळाच्या रसातले शिरवाळे, देवगडचे हापूस, जत्रेतलं खाजं. ह्यांच्या वाटणीचं मीच संपवायचे. अन्न टाकणं आमच्यात नाही.

तिसऱ्या वर्षी नवीन दुखणं. लघवी साठायची, पण होईना. आणि नको तेव्हा धोतर ओलं. डॉक्टर म्हणाले, "साखरेने बारीक शिरा अरुंद होतात. पाटाचं पाणी शेवटच्या माडापर्यंत पोचत नाही ना, तसं रक्त मूत्राशयाला पुरत नाही. ते ढिलं पडलंय. दर तीन तासांनी बसा, बेंबीखाली दाबा. पुढच्या खेपेला सकाळची लघवी बाटलीत आणा. तपासणीत लाल आली तर या गोळ्यांनी भागणार नाही. मुंबईला जाऊन सुई घ्यायची आणि लघवीला नळी घालून घ्यायची."

नळीचं ऐकून हे दोन दिवस जेवले नाहीत.

खेपेच्या सकाळी हे बाटली घेऊन माडाखाली तासभर बसले. खाडीवरून होडी घेऊन आलेला तरवाला हाका मारत होता.

"इली काय?" मी विचारलं.

"येणा नाय गो."

"दाबा मरे!"

"दाबून दाबून बेंबी पाठीक लागली."

शेवटी बाटली मी हिसकावली आणि न्हाणीत गेले. तीस वर्षं ह्यांचं सगळं मीच करत आले, एवढं एक राहिलं होतं. मला कसली साखर! तरीत बसून मी तांब्याभर पाणी प्याले. हल्ली तहान फार लागायची, पण उन्हाळाच होता.

डॉक्टरांनी निळ्या औषधात बाटलीतले थेंब टाकून दिव्यावर उकळले. हिरवं झालं, पिवळं झालं, मग विटेसारखं लाल.

"भिकाजीराव, आता मुंबई," डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हात खुर्चीला घट्ट. एरवी डास चावला तरी गाव गोळा करणारा माणूस. पण बाटली कोणाची ते ह्यांनी सांगितलं नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ती बाटली माझी."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ह्यांना दुसरी बाटली देऊन आत बसवलं. अर्ध्या तासाने थोडी आली. तपासणीत हिरव्यावरच थांबली, साखर थोडीच. ह्यांच्या गोळ्या चालू राहिल्या, मुंबई टळली. माझ्या नावाची वेगळी चिठ्ठी झाली.

घरी आलो तर अक्काने शिरवाळे पाठवलेले. दोघं त्या झाकल्या टोपाकडे बघत बसलो. खाणारं कोणी उरलं नव्हतं. हे उठले, टोप शेजारच्या बाबलीकडे देऊन आले आणि जन्मात पहिल्यांदा चुलीपुढे बसले. चहा करून कप माझ्या हातात दिला. घोट घेतला. कडू जहर. इतकी वर्षं ह्यांना मी हे पाजत होते.

तेव्हा कुठे मला भीती वाटली, आणि रडू आलं. ह्यांनी माझ्या कमरेची साखरेच्या कुलपाची किल्ली सोडवून स्वतःच्या जानव्याला बांधली.

"सवय होतली गो," हे म्हणाले, आणि आपला कप घेऊन माझ्याजवळ बसले.